केळी, केयी आणि कोबॉल

माणसांना जसा स्वभाव असतो तसा भाषांनाही असतो, हे मत फार जुने आहे. पाचवा चार्ल्स नावाचा एक बादशहा सोळाव्या शतकात युरोपात होऊन गेला. देवाशी स्पॅनिशमध्ये बोलावे, बायकांशी इटालियनमध्ये, पुरुषांशी फ्रेंचमध्ये आणि घोड्याशी जर्मनमध्ये, असे तो म्हणत असे, असे लोक म्हणतात. तो खरेच तसे म्हणाला की नाही, हे आता त्या घोड्यालाच ठाऊक. पण गोष्ट टिकली, कारण प्रत्येकाला ती मनातून पटते. आपल्याकडेही रेल्वेच्या डब्यात जागेवरून भांडण पेटले की मराठी माणूस पटकन हिंदीत शिरतो, आणि ते हिंदी ऐकून समोरचा उत्तर भारतीय भांडण विसरून हसू लागतो. फारच चिडला तर इंग्रजीत जातो. प्रेमात पडला तर मात्र कुठल्याच भाषेत जात नाही, गप्प बसतो.

आमच्या खानदेशात तर दर दहा कोसांवर निराळा स्वभाव. माझे आजोळ असोद्याचे. जळगावपासून पाच-सहा किलोमीटरवरचे हे गाव. तिथे आमची लेवा गणबोली. जरा पश्चिमेला धुळ्याच्या वाटेला लागलात की अहिराणी सुरू, पूर्वेला मलकापूर ओलांडलेत की वऱ्हाडी. अहिराणी ठसक्यात ‘शे’ म्हणते, वऱ्हाडी ऐसपैस बाजेवर बसून बोलते, आणि आमची लेवा बोली ‘ळ’ हे अक्षर दिसले की त्याचे काटे काढून मऊ ‘य’ करून टाकते. काळा तो काया, डोळा तो डोया, केळी ती केयी, आणि खुद्द जळगावचे जयगाव. केळीच्या बागा असलेल्या मुलखाने केळीतला ‘ळ’ सोलून टाकला, यात मला तरी काही वावगे वाटत नाही. सालासकट कोण खातो?

सर जॉर्ज ग्रियर्सन नावाच्या विद्वान आयरिश अधिकाऱ्याने हिंदुस्थानातल्या भाषांची प्रचंड पाहणी केली. मराठीला त्याने एक अख्खा खंड दिला. खानदेशीला मात्र त्या खंडात बसू दिले नाही. १९०७ सालच्या निराळ्या खंडात भिल्ली भाषांच्या पंगतीला तिचे पान मांडले. खानदेशी माणसाला याचे फारसे दुःख झाले नाही. पंगत कोणतीही असो, वांग्याचे भरीत असले म्हणजे झाले.

तर अशा बहुभाषिक मुलखातला मी माणूस. भाषांच्या बाबतीत मला कोणी काही नवीन सांगेल असे वाटत नव्हते. पण माझा भाचा पुण्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत लागला, त्याच्या लग्नाचे बघायला सुरुवात झाली, आणि त्याने आपल्या माहितीपत्रकात ‘अवगत भाषा’ या सदराखाली ‘सी, जावा, पायथन’ असे लिहिले. मुलीकडच्या एका वृद्ध गृहस्थांनी मला बाजूला घेऊन विचारले, “मुलगा घरी मराठी बोलतो ना?” मी म्हटले, “बोलतो, पण फोनवर असला म्हणजे नाही.”

त्यानंतर मी भाच्याला पकडले. या तुझ्या भाषा कोण बोलतं, त्यांची आई कोण, बाप कोण, घराणं कोणतं, सगळं सांग म्हटले. आम्ही सोयरीक करणारी माणसे. कुळी कळल्याशिवाय पुढे जात नाही. भाचा बिचारा सांगत गेला, पुढे मीही थोडे वाचले, आणि माझ्या लक्षात आले की ही मंडळी अगदी आपल्या आळीतलीच आहेत.

सुरुवातीला या घराण्यात भाषाच नव्हती. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आपल्या लोकांनी स्वतः बांधलेला एक मोठा संगणक १९६० साली चालू झाला. १९६२ साली त्याला ‘टिफ्रॅक’ असे नाव मिळाले. पंडित नेहरूंनी ते ठेवले. त्याची आठवण किती? तर २०४८ शब्दांची. आमच्या असोद्याच्या मावशीला याहून जास्त उखाणे पाठ आहेत. पण त्या काळी हा चमत्कार होता. त्याच्याशी बोलायचे तर त्याच्याच आकड्यांत बोलावे लागे. हे म्हणजे म्हशीने दूध द्यावे म्हणून आपणच हंबरून दाखवण्यासारखे. पुढे १९६४ साली तिथे ‘सीडीसी ३६००’ हा अमेरिकन संगणक आला, आणि त्याच्याबरोबर फोर्ट्रान आली.

फोर्ट्रान ही या घराण्यातली थोरली. १९५७ सालचा जन्म, आयबीएम कंपनीत. बाप जॉन बॅकस. एवढी मोठी गोष्ट आपण का केली, याचे कारण बॅकससाहेबांनी पुढे मोकळेपणाने सांगून टाकले: आळस! आकड्यांत लिहीत बसायचा त्यांना कंटाळा येई. जगातले निम्मे शोध कष्टाळू माणसांनी लावले आणि उरलेले आळशी माणसांनी लावले, असे माझे पूर्वीपासून मत आहे. त्याला हा पुरावा मिळाला.

फोर्ट्रानचा स्वभाव एखाद्या सरकारी इंजिनिअरचा. गणिताला पक्की, बोलायला तुटक. छिद्रे पाडलेल्या पत्त्यावर ऐंशी रकाने. त्यांतल्या सातव्या रकान्यापासून बहात्तराव्यापर्यंतच मजकूर लिहायचा. शेतकऱ्याने बांध सोडून पेरले तर तलाठी जितका रागावेल तितकीच ती रागावे. आणखी एक गंमत. एखाद्या राशीचे नाव इंग्रजी ‘आय’ ते ‘एन’ यांपैकी अक्षराने सुरू झाले, की ती पूर्णांक, बाकीच्या अपूर्णांकवाल्या, असे ती न विचारताच ठरवून टाकी. आडनाव ऐकून माणसाचे गाव, जात आणि भाजीत गूळ घालतो की नाही हे ठरवणारी माणसे आपल्याकडे कमी नाहीत, त्यामुळे मला हे ओळखीचे वाटले. पण एका बाबतीत फोर्ट्रान उदार होती. शब्दांमधल्या मोकळ्या जागेला ती काडीची किंमत देत नसे. सगळे शब्द एकमेकांना चिकटवून लिहा, तिला कळे. आपली मोडी लिपी अशीच नव्हती का? एक ओळ ओढायची आणि कारकुनाने खालून अक्षरे लोंबकळत सोडायची. शब्द कुठे तुटतो ते वाचणाऱ्याच्या नशिबावर.

फोर्ट्रानपाठोपाठ कोबॉल आली. हिचा जन्म समितीत झाला. १९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्यात बैठक भरली, समित्या बसल्या, आणि ग्रेस हॉपर या बाईंच्या आधीच्या कामाच्या आधारावर धंदा-हिशेबासाठी एक भाषा तयार झाली. हॉपरबाई नौदलात होत्या. त्यांचे म्हणणे असे, की हिशेबनीस माणसाला बीजगणिताची चिन्हे पाहून घाम फुटतो, तर त्याला सरळ इंग्रजी वाक्यांत लिहू द्या. त्यामुळे कोबॉलमध्ये ‘ॲड टॅक्स टू टोटल’ असे पूर्ण वाक्य येते आणि शेवटी पूर्णविराम येतो. तो विसरलात की अर्ज परत! सुरुवातीलाच ओळखीचा विभाग, नाव सांगा. मग परिसराचा विभाग, मग मालमत्तेचा विभाग, आणि हे सगळे भरून झाल्यावर मग प्रत्यक्ष काम. मी आयुष्यभर बँकेत नोकरी केली. हे वर्णन ऐकले आणि मला एकदम आमचे हेडक्लार्क आठवले. डोक्यावर काळी टोपी, कानावर पेन्सिल, आणि तोंडात एकच वाक्य: “अर्ज योग्य त्या नमुन्यात सादर करावा.” कोबॉल म्हणजे तेच. कंटाळवाणी, पाल्हाळीक, आणि पैशाच्या बाबतीत पै न पै चोख.

अशा माणसाला सगळे हसतात आणि त्याच्यावाचून कोणाचे पान हलत नाही. २००० साल उजाडण्यापूर्वी सगळ्या जगाची झोप उडाली, ती याच हेडक्लार्कमुळे. जागा वाचवायची म्हणून जुन्या लोकांनी सालाचे दोनच आकडे लिहून ठेवले होते. ९९ नंतर ०० आले की संगणकाला वाटणार, १९०० साल आले. तेव्हा आपल्याकडची शेकडो मुले विमानात बसून परदेशी गेली ती हेच कोबॉल दुरुस्त करायला. बरे, तेवढ्यावर संपले म्हणावे, तर २०२० साली साथीच्या दिवसांत न्यू जर्सी राज्यात बेकारभत्त्याच्या अर्जांचा लोंढा आला आणि तिथल्या गव्हर्नरांनी जाहीर आवाहन केले, की कोणी कोबॉल जाणणारे असतील तर मदतीला या! साठ वर्षांची म्हातारी. पण कपाटाची किल्ली तिच्याच कमरेला.

कोबॉलच्याच वेळची, पण अगदी निराळ्या वळणाची म्हणजे लिस्प. १९५८ साली जॉन मॅकार्थी या गणितज्ञाने तिचा घाट घातला. हिच्यात सगळे कंसांत. कंसात कंस, त्यात कंस, आणि शेवटी एकदम सात-आठ कंस मिटत येतात. ही आमची कीर्तनकार. हरिश्चंद्राच्या आख्यानात नळाची गोष्ट निघते, नळाच्या गोष्टीत हंसाची, हंसाच्या पोटात आणखी कोणाची. ऐकणाऱ्याला वाटते, बुवा आता हरवले. पण शेवटच्या पाच मिनिटांत बुवा एकेक कंस मिटत बरोबर हरिश्चंद्रापाशी येतात आणि आरतीचे ताट फिरते.

बेसिकचे मला फार कौतुक वाटते. १९६४ साली अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात केमेनी आणि कर्ट्झ या दोन प्राध्यापकांनी ती केली, आणि तीही गणितवाल्यांसाठी नव्हे. इतिहास-साहित्य शिकणाऱ्या पोरांनाही संगणकाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून. ओळींना आकडे घातलेले: दहा, वीस, तीस. अगदी अंकलिपीच. आपल्याकडे १९८४-८५ साली केंद्र सरकारने ‘क्लास’ नावाची योजना काढून काही शाळांना ‘बीबीसी मायक्रो’ हे संगणक दिले, त्यांवर पोरे हीच भाषा गिरवीत. बऱ्याच शाळांतून संगणकाची खोली थंड ठेवायची आणि चपला बाहेर काढायच्या अशी पद्धत होती. देवळात जावे तसे आत जायचे, ‘प्रिंट’ म्हणून आपले नाव लिहायचे, पडद्यावर ते उमटले की नमस्कार करून बाहेर यायचे.

आणि सी? १९७२च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी ती घडवली. ही पुणेरी. विचारले तेवढ्याचेच उत्तर. तेही अर्धे. पुढे विहीर आहे, हे ती सांगणार नाही, तुम्ही पडलात तर “बघून चालायला काय झालं होतं?” एवढेच विचारील. तिचे मूळ पुस्तक १९७८ साली निघाले, तेही अंगाने बारीक. आपल्या मुलांना ती जड जाते हे ओळखून नागपूरच्या यशवंत कानेटकरांनी ‘लेट अस सी’ हे पुस्तक लिहिले, आणि देशभरच्या इंजिनिअरिंग वसतिगृहांतल्या उशांखाली ते जाऊन बसले. पुणेरी स्वभाव सगळ्या देशाला समजावून सांगायला शेवटी नागपूरकर लागला, याची इतिहासाने नोंद घ्यावी.

आता भाषा आल्या म्हणजे शुद्धलेखनवाले येणारच. संगणकाच्या आळीतही ते आले. एड्सखर डाइक्स्ट्रा नावाचे एक थोर डच शास्त्रज्ञ होते. थोर होते यात शंकाच नाही. पण १९७५ साली त्यांनी लिहून ठेवले की कोबॉलने बुद्धी पांगळी होते आणि ती शिकवणे हा गुन्हा मानावा; आणि ज्या मुलांनी आधी बेसिक गिरवली त्यांना पुढे चांगले शिकवणे जवळजवळ अशक्य. हे वाचले आणि मला आमचे मराठीचे मास्तर दिसू लागले. तोच आवाज, तोच खडू, तोच निराशेचा सुस्कारा.

दुसऱ्या टोकाला लॅरी वॉल. या गृहस्थाने भाषाशास्त्र शिकले होते. एखादी अद्याप न लिहिलेली बोली शोधावी, तिला लिपी द्यावी, असा त्याचा आणि त्याच्या बायकोचा बेत होता. तब्येतीमुळे तो बेत राहिला, तो संगणकाकडे वळला, आणि १९८७ साली त्याने पर्ल नावाची भाषा काढली. तिचे ब्रीदवाक्यच मुळी असे, की कुठलीही गोष्ट करायचे मार्ग एकाहून अधिक असतात. बोलीभाषांवर जीव असलेल्या माणसाने यंत्रासाठी भाषा केली, तर तीही अघळपघळ, गावाकडची झाली!

पायथन बरोबर उलट. १९८९च्या नाताळच्या सुटीत गिडो व्हान रॉसम या डच माणसाने ती करायला घेतली, १९९१ साली ती बाहेर पडली. नाव अजगराचे वाटते, पण ते ठेवले आहे ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींवरून. विनोदी माणसांच्या नावाची भाषा म्हटल्यावर मी खूश झालो. पण ही फार शिस्तीची निघाली. प्रत्येक गोष्ट करायचा उघड असा एकच मार्ग असावा, हे तिचे तत्त्व. समासातली मोकळी जागा एका टिंबाने चुकली तरी काम बंद. रांगोळीचा एक ठिपका चुकला म्हणून सगळी पुसायला लावणारी आत्याबाई प्रत्येक घरात असते, ती ही.

या आत्याबाईची आणि आमच्या मावशीची गाठ पडली, तो प्रसंग सांगतो. भाचा असोद्याला आला होता. मावशीचे वय पंचाऐंशी, शाळा तिसरीपर्यंत. ओट्यावर बसून भाच्याने मांडीवरचा संगणक उघडला आणि म्हणाला, “मामा, २००८ पासून पायथनला देवनागरीतली नावं चालतात. हे बघा.” त्याने ‘केळी’ असे नाव लिहिले, त्याची किंमत बारा ठेवली, ‘केळी’ किती विचारले, पडद्यावर बारा आले. मी सर्द झालो. मावशीने मान पुढे करून पाहिले.

“मी इचारू का त्याले?” ती म्हणाली.

“विचार ना, मावशीआजी.”

“केयी किती?”

भाच्याने आज्ञाधारकपणे जसेच्या तसे लिहिले: केयी. पडद्यावर तांबड्या अक्षरांत इंग्रजी वाक्य आले. त्याचा अर्थ असा, की ‘केयी’ या नावाची व्याख्या झालेली नाही.

“काय म्हनतो?”

“त्याला केयी कळत नाही म्हणतो.”

मावशीने क्षणभर त्या यंत्राकडे अत्यंत करुणेने पाहिले. “केयी समजत नाही? मंग येवढा पैसा कायले घातला त्याच्यात?” असे म्हणून ती फणी आणायला आत गेली. बारा केळी, म्हणजे केयी, आम्ही तिघांनी खाल्ल्या. यंत्र उपाशी राहिले.

आता न्यायाने बोलायचे तर यंत्राचा दोष नाही. यंत्राने कडक असावेच. नाही तर काय होते, याचे उदाहरण जावास्क्रिप्ट. १९९५ साली ब्रेंडन आइक यांनी ती दहा दिवसांत उभी केली. ही भलतीच सालस. कोणाला नाही म्हणत नाही. अक्षर म्हणून लिहिलेल्या पाचात तीन मिळवा म्हटले तर ती दोन्ही शेजारी ठेवून त्रेपन्न करते, आणि त्याच पाचातून तीन वजा करा म्हटले तर शहाण्यासारखी दोन म्हणते. अशा माणसाला कॅशवर बसवले असते तर आमची बँक तीन दिवसांत बुडाली असती.

म्हणजे कडकपणाला जागा हवी. ती कोणती, हे मात्र आपल्या एका पूर्वजाने फार आधी सांगून ठेवले आहे. पाणिनीने सुमारे ४००० सूत्रांत संस्कृत बांधले. ते इतके काटेकोर, की १९६७ साली एका अमेरिकन संगणकतज्ज्ञाने पत्र लिहून सुचवले, संगणकभाषांचे व्याकरण मांडायच्या पद्धतीला बॅकसच्या जोडीने पाणिनीचेही नाव द्या. हो, तोच फोर्ट्रानचा आळशी बाप! पाणिनीच्या ग्रंथावर पतंजलीने महाभाष्य लिहिले. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी ते मराठीत आणले, म्हणून माझ्यासारख्यालाही त्यात डोकावता आले. पतंजली म्हणतो, एका शुद्ध शब्दाला अपभ्रंश अनेक. ‘गौः’ म्हणजे गाय. लोक गावी म्हणतात, गोणी म्हणतात, गोता म्हणतात, गोपोतलिका म्हणतात. दोन हजार वर्षांपूर्वीही केळी-केयी चालूच होते.

पुढे त्याने एक गोष्ट दिली आहे, ती मला फार आवडते. काही ऋषी होते. मोठे ज्ञानी. पण बोलताना ‘यद्वा नः, तद्वा नः’ म्हणायच्या जागी सरळ ‘यर्वाणः, तर्वाणः’ म्हणत. इतके, की त्यांचे नावच यर्वाण-तर्वाण पडले. मात्र यज्ञाला बसले की ते एक अक्षर चुकत नसत. आणि असुरांनी यज्ञात ‘हे अरयः’ म्हणायचे ते ‘हेलयः’ म्हटले, म्हणून ते हरले. तात्पर्य स्वच्छ आहे. यज्ञात शुद्ध बोला. घरी यर्वाण म्हणालात, तर तुमचे ऋषिपण कमी होत नाही.

ही गोष्ट आपण निम्मीच लक्षात ठेवली. असुर हरले एवढे पक्के पाठ केले, ऋषी विसरलो. असोद्याहून शिकायला मी शहरातल्या शाळेत गेलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात उभा राहून म्हणालो, “मले पुस्तक नाही.” वर्ग खदखदून हसला. मास्तरांना, मला पुस्तक नाही हे समजले नव्हते असे नाही. चांगले समजले होते. तरी त्यांनी ‘मला’ हा शब्द पन्नास वेळा लिहून आणायला सांगितला. पुस्तक मिळाले नाहीच. पायथनला ‘केयी’ खरोखरच कळत नाही, म्हणून ती अडते. माणसाला कळते, आणि कळूनही तो अडतो. यंत्राने इतका कद्रूपणा अजून केलेला नाही.

त्या दिवसापासून मी दोन भाषांचा झालो. गावाच्या वेशीवर ‘ळ’ तोंडातून काढून खिशात ठेवायचा आणि पुण्याला उतरताना परत बसवायचा. माझ्यासारखी हजारो माणसे असतील. पण आमच्या मुलांच्या वेळी आम्ही हा व्याप नको म्हणून घरात एकच भाषा ठेवली, ती पुस्तकातली. मुलांना हसू नये कोणी, एवढाच हेतू. मुलांना कोणी हसले नाही. आणि मावशी बोलू लागली की आता तीच माझ्याकडे वळून विचारतात, “बाबा, काय म्हणाली ती?”

असोद्याचीच एक लेक होती. १८८० सालचा जन्म, अक्षरओळख नाही, जळगावच्या चौधऱ्यांच्या घरी दिलेली. जात्यावर, शेतात, चुलीपुढे ती ओव्या रचत गेली. आपल्या बोलीत, तोंडी. घरातल्या मुलांनी त्यातल्या काही लिहून ठेवल्या. १९५१च्या डिसेंबरात बहिणाबाई गेल्या, तेव्हा महाराष्ट्राला त्यांचे नावही माहीत नव्हते. चिरंजीव सोपानदेव स्वतः कवी. त्यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले. मी कधी कधी विचार करतो, की ती वही अत्र्यांऐवजी माझ्या मास्तरांच्या हाती पडली असती तर? त्यांनी लाल शाई उघडली असती, ‘मले’चे ‘मला’ केले असते, ‘काया’चे ‘काळा’ केले असते, आणि शेवटी शेरा दिला असता: विचार बरे, शुद्धलेखनाकडे लक्ष द्यावे. आज जळगावच्या विद्यापीठाला त्या न शिकलेल्या बाईचे नाव आहे. तिथे पायथनही शिकवतात. आत्याबाई शेवटी असोद्याच्या लेकीच्या घरी शिकवणीला आली म्हणायची.

भाचा म्हणतो, “मामा, आता काळजी नको. आता संगणकाशी साध्या भाषेत बोलता येतं, भाषा शिकायचीच गरज नाही.” खरे आहे, मीही त्याच्याशी मराठीत बोलून पाहिले, मराठी बरे बोलतो. पण तो शिकतो ते मुख्यतः लिहिलेल्यावरून. आमच्या बोलीत लिहिलेले ते किती? ओट्यावर जे बोलले आणि वाऱ्यावर गेले, ते त्याने कुठून शिकावे?

इथेच या दोन प्रकारच्या भाषांतला खरा फरक मला दिसतो. कोबॉल कोणाचीही मातृभाषा नाही. तिच्यात कोणी रडले नाही, कोणी पोराला झोपवले नाही, कोणी कोणाला शिवी दिली नाही. तरी ती जगते. कुठल्यातरी तळघरात यंत्र चालू आहे तोवर तिला मरण नाही. उद्या ती जाणणारा शेवटचा माणूस गेला तरी ती महिनाअखेरीस व्याज लावत राहील. बोलीचे तसे नाही. तिला वीज लागत नाही, पण तोंड लागते. एका पिढीने तोंड मिटले की संपले. मग गव्हर्नराने आवाहन केले तरी कोणी मदतीला येत नाही.

म्हणून मी अलीकडे एक उद्योग सुरू केला आहे. नात पाच वर्षांची आहे. तिच्या शाळेत संगणकाचे चित्र रंगवायला देतात, ते ती रंगवते. दुपारी ती माझ्याकडे येते आणि मी तिला केळे सोलून देतो. काय हवे ते ती केयी म्हणून मागेल तर एक, आणि केळी म्हणून मागेल तरीही एक. लबाड पोरगी आहे. दोन्ही म्हणते आणि दोन घेते.